कोल्हापूरचं पोलिश स्मारक आणि वळिवड्याची छावणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ रुकडीचं. वळिवडे आमच्या शेजारचं गाव. पाहुणे आले की मी त्यांना महावीर उद्यानातल्या स्तंभाजवळ नेतो आणि मग छावणीच्या जागेकडे, म्हणजे आजच्या गांधीनगरकडे. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

हे स्मारक नेमकं कुणाचं आहे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. छावणीत वाढलेली मुलं पुढं जगभर पांगली. मोठेपणी त्यांनी ‘भारतातले पोलिश, १९४२ ते १९४८’ अशा अर्थाच्या नावानं आपली संघटना बांधली आणि तिच्याच पुढाकारानं महावीर उद्यानातला हा स्तंभ उभा राहिला. म्हणजे स्मारक दोघांचं आहे. आसरा मागायला आलेल्यांचं आणि आसरा देणाऱ्यांचं.

लोक येतात, फोटो काढतात आणि ‘पोलंडच्या लोकांची आठवण’ एवढंच डोक्यात ठेवून जातात. पण हा स्तंभ आभार मानायला उभारला आहे आणि ते आभार आपल्या आज्या-पणज्यांचे आहेत. ही गोष्ट सुटली की स्मारकाचा अर्थच सुटतो.

ही माणसं युद्धकैदी होती का?

नाही, पण त्यांतली बरीच युद्धकैद्यांच्या घरातली होती. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. पूर्वेकडं हजारो पोलिश अधिकारी आणि पोलीस पकडले गेले. त्यांना कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव या तीन छावण्यांत ठेवलं. त्यांत पेशानं डॉक्टर, शिक्षक, वकील असलेले बरेच जण होते, कारण राखीव दलातून बोलावून घेतलेले अधिकारी पुष्कळ होते. ५ मार्च १९४० ला मॉस्कोत निर्णय झाला आणि त्या वसंतात या तीन छावण्यांतले आणि तुरुंगांतले मिळून जवळपास २२ हजार जण गोळ्या घालून मारले गेले. कोझेल्स्कच्या कैद्यांची प्रेतं कातिनच्या जंगलात पुरली, म्हणून या साऱ्या हत्याकांडालाच कातिन म्हणतात.

आता घरच्यांचं. त्याच मार्चमध्ये या कैद्यांकडून त्यांच्या बायकामुलांची नावं आणि पत्ते गोळा करून याद्या केल्या गेल्या. १३ एप्रिल १९४० च्या रात्री त्या याद्या घेऊन शिपाई दारात आले. हाताला येईल ते बोचकं बांधायचं, स्टेशन गाठायचं आणि मालगाडीच्या डब्यात चढायचं. बहुतेकांना कझाकस्तानात नेलं. नवरा तिकडं मारला जात होता आणि बायको मुलांना घेऊन इकडं गाडीत होती. त्यातल्या कुणालाही दुसऱ्याचं काय झालं ते माहीत नव्हतं.

याच्या आधी, फेब्रुवारी १९४० मध्ये, सीमाभागात जमीन मिळून वसलेल्या माजी सैनिकांची आणि जंगलखात्यातल्या लोकांची कुटुंबं सायबेरियात आणि उत्तरेकडच्या जंगलात लाकूडतोडीला पाठवली होती. वळिवड्याला आलेले बरेचसे या दोन लाटांतले. त्यांच्यावर ना खटला चालला होता, ना गुन्हा दाखल होता. ‘ते कैदी होते का’ असं कुणी विचारलं की मी म्हणतो, कागदावर नव्हते.

मग तिथून सुटले कसे?

२२ जून १९४१ ला जर्मनीनं सोव्हिएत संघावरच हल्ला केला. कालचा शत्रू आज मित्र झाला. ३० जुलैला लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी सोव्हिएत राजदूताशी करार केला आणि ऑगस्टमध्ये या लोकांना ‘माफी’ जाहीर झाली. माफी! ज्यांनी काही केलंच नव्हतं त्यांना माफी. हा शब्द आजही पोलिश माणसाला बोचतो.

मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून पोलिश जनरल अँडर्स सुटले आणि सुटलेल्या कैद्यांचंच सैन्य उभारायला लागले. बातमी पसरली तशी माणसं मिळेल त्या गाडीनं, पायी, दक्षिणेकडं निघाली. वाटेत टायफॉइड, टायफस आणि भूक. आया मुलांना अनाथालयाच्या दारात सोडून जात, कारण तिथं निदान भाकरीचा तुकडा मिळेल अशी आशा होती. १९४२ मध्ये मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा असे मिळून सुमारे १ लाख १५ हजार लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांतले सैनिक पुढं लढायला गेले. उरलेल्या बायकामुलांना ठेवायचं कुठं हा प्रश्न उरला.

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनच्या कबरी जगासमोर आणल्या, पोलिश सरकारनं चौकशी मागितली आणि मॉस्कोनं त्यांच्याशी संबंधच तोडले. मागं राहिलेल्यांची वाट जवळपास बंद झाली. जे तोवर बाहेर पडले ते पडले.

इराणातून कोल्हापूरला कसे आले? आणि कोल्हापूरच का?

इराणातल्या अहवाझहून बंदरावर आणि तिथून बोटीनं कराची. तिथं काही आठवडे तंबूत. मग रेल्वे. मिरजेला गाडी बदलायची आणि मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या छोट्या स्टेशनवर उतरायचं. वळिवडे हे स्टेशन आजही त्या मार्गावर रुकडीच्या पुढं आहे.

कोल्हापूर निवडण्याची कारणं साधी होती. हवा सोसवेल अशी, जवळ पंचगंगेचं पाणी, रेल्वे दाराशी, आणि संस्थानानं नकार दिला नाही.

छावणीचा सगळा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, हे खरं का?

हा प्रश्न नाजूक आहे, पण खरं तेच सांगायला हवं. कोल्हापूर संस्थानानं जागा दिली, परवानगी दिली, संरक्षण दिलं आणि आपली यंत्रणा उभी केली. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर दत्तक घेतलेलं बाळ होतं आणि कारभार राजमाता ताराबाईंच्या नेतृत्वाखालचं मंडळ पाहत होतं. पैसा मात्र लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता आणि देखरेख दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारच्या निर्वासित खात्याची. मुंबईतल्या पोलिश वकिलातीनं, विशेषतः वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीनं, खूप धावपळ केली. या बाई पुढं भारतातच राहिल्या आणि हैदराबादकडं खेड्यापाड्यांतल्या आरोग्याचं काम त्यांनी केलं.

यानं कोल्हापूरचं मोठेपण रतीभरही कमी होत नाही. पाच हजार परक्या माणसांना गावाच्या वेशीला लागून वसवणं आणि पाच वर्षं त्यांच्या केसाला धक्का लागू न देणं याची किंमत रुपयांत लावता येत नाही. पण चुकीची माहिती देऊन अभिमान बाळगू नये.

जामनगरच्या महाराजांची गोष्ट वेगळी का?

हो, वेगळी. नवानगर म्हणजे जामनगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ पासून बालाचडीला पोलिश मुलांसाठी, त्यांत बहुतांशी अनाथांसाठी, छावणी चालवली. ती १९४६ मध्ये बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्यालाच आली. समाजमाध्यमांवर दोन्ही गोष्टींचा काला होतो, फोटोही इकडचे तिकडं लागतात.

छावणी दिसायला कशी होती?

कैद्यांची छावणी म्हटल्यावर डोळ्यांपुढं काटेरी तारा येतात. तसं इथं नव्हतं. लांबच लांब चाळी, ओळीनं. खाली दगडी जोतं, वर कौलं आणि भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढं ओसरी.

तट्ट्याची भिंत म्हणजे काय हे आमच्या भागात घर शाकारलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पलीकडचं खोकणं ऐकू येतं, कंदिलाचा उजेड फटींतून रेषारेषांनी अंगणात पडतो, पावसाळ्यात खालच्या कडा भिजून काळ्या होतात. सायबेरियात ओंडक्यांच्या झोपडीत बर्फ पाहिलेल्या या बायकांनी त्या ओसरीपुढं फुलझाडं लावली, पपया लावल्या, तट्ट्यांवर वेल चढवले.

कारभार बराचसा त्यांचा त्यांनीच चालवला. शाळा पोलिश भाषेत, बालवर्गापासून वरच्या वर्गापर्यंत, शिवाय हातकामाच्या आणि व्यापारशिक्षणाच्या शाळा. दवाखाना, अनाथालय, सहकारी दुकान, नाटकं-सिनेमाचं सभागृह आणि एक चर्च. काही मुली पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकायला गेल्या. क्षयाच्या रोग्यांनाही पाचगणीची हवा मिळावी म्हणून तिकडं पाठवत.

मला सगळ्यात मोठी वाटते ती शाळा. दोन-अडीच वर्षं ज्या पोरांनी पुस्तक पाहिलं नव्हतं, ज्यांचं वय चौदा आणि इयत्ता दुसरी, त्यांना बसवून शिकवायचं, तेही पाठ्यपुस्तकांशिवाय. मास्तरीण बाईंनी आठवणीतून कविता फळ्यावर लिहायच्या आणि पोरांनी उतरवून घ्यायच्या.

गावातल्या लोकांचा आणि त्यांचा संबंध आला का?

रोजचा. भाजी, दूध, अंडी, सरपण, कापड, सगळं आसपासच्या गावांतून जायचं. माझी आजी तेव्हा नवी सून होती. सासूबरोबर दुधाची किटली घेऊन कॅम्पात जायची. आजी शाळेत कधी गेली नाही, पण तिला मरेपर्यंत एक पोलिश शब्द येत होता, ‘म्लेको’. म्हणजे दूध. आम्ही पोरं दूध प्यायला कुरकुर केली की ती पेला पुढं करून म्हणायची, “घे, म्लेको घे.” आम्हाला वाटायचं आजीचा काहीतरी लाडाचा शब्द असेल. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका पोलिश पाहुण्याकडून मला तो शब्द ऐकू आला, तेव्हा मी स्तंभापाशीच उभा होतो.

दारावर येणारे फेरीवाले पोलिश आकडे शिकले, छावणीतली मुलं मराठी-हिंदी शब्द उचलू लागली. ती मुलं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यातले जे इथं येऊन गेले त्यांनी आंबे, पंचगंगेचं पाणी आणि पहिल्या पावसाचा वास या गोष्टी काढल्या. काही लग्नंही झाली, आणि पोलिश सून कोल्हापूरच्या घरात पाटल्या-बांगड्या घालून नांदली. ती नावं मी इथं देत नाही, ती त्या घरांची आहेत.

स्मारकाचा विषय निघाला की राजेरजवाड्यांची नावं निघतात, निघावीतच. पण किटली घेऊन जाणारी बाई, तट्टे विणणारा बुरूड, दगड घडवणारे वडार, स्टेशनवरचा हमाल, छावणीच्या दवाखान्यात राबणारी इथली माणसं यांची नोंद कुठल्या फलकावर नाही. मी पाहुण्यांना हे दरवेळी सांगतो.

कातिनची बातमी छावणीत पोचली तेव्हा काय झालं?

छावणी वसत होती तेव्हाच, १९४३ मध्ये, ही बातमी जगभर पोचली होती. ‘यांचे बाबा कैदेत आहेत’ असं समजून जगणाऱ्या घरांत वर्तमानपत्रातल्या नावांच्या याद्या आल्या. काहींची नावं सापडली. ज्यांची सापडली नाहीत त्यांची अवस्था अधिक वाईट, कारण ती वाट पाहत राहिली.

इथं एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. ते स्वतः कोझेल्स्कच्या छावणीतले कैदी. तिन्ही छावण्यांतले मिळून चारशेच्या आसपास कैदी जगले, त्यांतले एक. अँडर्सच्या सैन्यातून त्यांना भारतात पाठवलं आणि वळिवड्याच्या मुलांची बालवीर पथकं त्यांनी बांधली. ज्यांचे बाप कातिनमध्ये पुरले गेले अशा मुलांना रांगेत उभं करून निशाणाला सलामी द्यायला शिकवणारा माणूस त्या बापांच्याच छावणीतून वाचलेला होता. पुढं ते धर्मगुरू झाले आणि २००७ मध्ये वारले. कातिनच्या कुटुंबांसाठी त्यांनी आयुष्य वाहिलं.

सोव्हिएत सरकारनं हा खून आपला असल्याचं कबूल केलं ते १३ एप्रिल १९९० ला. पन्नास वर्षं आरोप जर्मनांवर ढकलला गेला होता.

आपल्या मराठी सैनिकांचा या गोष्टीशी काही संबंध?

आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. वळिवड्यातल्या बायांचे जे भाऊ, मुलगे, नवरे अँडर्सच्या सैन्यात गेले ते इटलीत लढले. ११ मे १९४४ च्या रात्री मोंते कॅसिनोची शेवटची लढाई सुरू झाली तेव्हा डोंगरावर पोलिश तुकड्या चढत होत्या आणि खाली गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. १८ मे ला डोंगरमाथ्यावरच्या मठाच्या अवशेषांवर पोलिश निशाण चढलं.

म्हणजे कुणाची आई वळिवड्यात होती आणि तो कॅसिनोला लढत होता. आणि साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कुणाचा मुलगा त्याच रात्री त्याच डोंगराच्या पायथ्याशी होता. पोस्टमन दोन्हीकडं तसलीच पत्रं घेऊन जायचा.

छावणी बंद कधी झाली? सगळे पोलंडला परत गेले का?

बहुतेक गेले नाहीत, कारण जायला घरच उरलं नव्हतं. त्यांची गावं पोलंडच्या पूर्व भागातली. युद्धानंतर सीमा सरकल्या आणि तो भाग सोव्हिएत संघात गेला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिशांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा खर्च आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडं गेला. १९४७ पासून माणसं हलू लागली. ज्यांचे नातलग पोलिश सैन्यात होते ते इंग्लंडला, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पोलंडला, आणि तिथून पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. १९४८ च्या सुरुवातीला शेवटचे लोक निघाले.

छावणीच्या जागी आज काय आहे?

गांधीनगर. कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ज्याचं नाव घेतात तेच. पोलिश गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच चाळींत आली. एका ओसरीवरून एक उठला आणि दुसरा बसला. दोघांचीही घरं सीमा सरकल्यामुळं गेलेली. आज लग्नाचा बस्ता बांधायला तिथं गेलेल्यांना हे कुणी सांगत नाही. दुकानदारांतले वयस्कर लोक मात्र जागा दाखवतात, विचारून पाहा.

मूळ बांधकाम फारसं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाला ८० वर्षं झाली त्या निमित्तानं, छावणीत वाढलेली काही वृद्ध मंडळी आणि पोलंड सरकारचे प्रतिनिधी इथं आले होते.

कोणी इथं वारलं का? कबरी आहेत का?

हो. सायबेरियातून शरीरं मोडूनच आली होती. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरींचा भाग आहे आणि त्याची डागडुजीही झाली आहे. तिथं जाणार असाल तर शांतपणे जा, कबरींवर बसू नका, चपला बाजूला काढल्या तर उत्तम. १ नोव्हेंबरला पोलिश माणसं आपल्या मृतांच्या कबरींवर दिवे लावतात. इतक्या लांब येणं ज्यांना जमत नाही त्यांच्या वतीनं कुणी एक पणती लावली तर मला त्यात काही गैर दिसत नाही. मी लावतो.

पोलंडमध्ये कोल्हापूरची आठवण ठेवली आहे का?

वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ते २०१७ मध्ये उभं राहिलं. जामसाहेबांच्या नावाचा चौक आणि स्मारकही तिथं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्साला गेले तेव्हा त्यांनी या दोन्ही ठिकाणी आणि मोंते कॅसिनोच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं.

स्मारकाला भेट द्यायची तर कसं जायचं?

महावीर उद्यान नागाळा पार्कात, जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ. रेल्वे स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा करा. गांधीनगर तिथून सात-आठ किलोमीटर, केएमटीच्या बस जातात. जमलं तर वळिवडे स्टेशनवर दहा मिनिटं उभे राहा. बाकी काही करायचं नाही, फक्त रुळांकडं पाहा.

सहलीला मुलं आणणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. आधी वर्गात पोलंड, कझाकस्तान, कास्पियन, कराची आणि कोल्हापूर नकाशावर बोटानं जोडून दाखवा.

आमच्या घरी छावणीतली एक वस्तू आहे. तिचं काय करू?

असे फोन येतात आणि मला फार आनंद होतो. कुणाकडं भरतकाम केलेला रुमाल असतो, कुणाकडं फोटो, कुणाकडं शिवणयंत्र. टाकू नका, पुसून चकचकीत करू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. फोटोच्या पाठीमागं काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो काढा. आपल्याला न कळणारी ती ओळ म्हणजे कुणाच्या तरी आईचं नाव असू शकतं. वस्तू घरात कशी आली, कुणी दिली, कशाच्या बदल्यात दिली, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून त्यांच्याच शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे मात्र आजच करा. माझ्या आजीला ‘म्लेको’ कुणी शिकवलं हे मी तिला कधी विचारलं नाही.